वेदचोराची मुभा : लांज्याचे खेळे आणि पात्रवर्गाचा प्रश्न

मराठी रंगभूमीच्या बोलीत 'पार्टी' असा एक शब्द आहे. इंग्रजी 'पार्ट'पासून तो निघाला आणि नाटकमंडळ्यांच्या तोंडी असा रुळला की त्याचे परकेपण उरले नाही. राजापार्टी, स्त्रीपार्टी, राक्षसपार्टी ही त्याची परिचित रूपे. हा शब्द पात्राचे नाव सांगत नाही, नटाचेही सांगत नाही. त्या दोहोंच्या मधली एक जागा सांगतो. राजापार्टी नट आज हरिश्चंद्र होईल, उद्या नल होईल, परवा विक्रम होईल. पात्र बदलेल, पार्टी बदलणार नाही. पार्टीबरोबर चालण्याची ढब येते, आवाजाची पट्टी येते, तलवार उपसण्याचा हक्क येतो, आणि काही गोष्टी न करण्याचे बंधनही येते. मराठी नाट्यसमीक्षेने ह्या शब्दाची कधी पारिभाषिक संज्ञा केली नाही. मंडळ्यांच्या व्यवहारातला एक सोयीचा शब्द, एवढीच त्याची दखल घेतली गेली.

ह्या उपेक्षेचे कारण शोधणे अवघड नाही. विसाव्या शतकातील मराठी समीक्षेने पात्राचा विचार मुख्यतः 'व्यक्तिरेखा' म्हणून केला. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये सपाट आणि गोलाकार पात्रे असा जो भेद केला तो कादंबरीच्या संदर्भातला होता, आणि सपाट पात्रांचे स्वतःचे असे काही काम असते हेही त्यांनी मान्य केले होते. मराठीत मात्र हा भेद पाहता पाहता गुणवत्तेची फूटपट्टी बनला. अंतर्विरोध, वाढ आणि अनपेक्षितता ज्याच्यात आहे ते पात्र श्रेष्ठ. ठरलेल्या वर्गातले पात्र ठोकळेबाज. ही फूटपट्टी लावली की कोकणातील खेळे आणि दशावतार यांच्यात मोजण्याजोगे काहीच सापडत नाही, आणि मग त्यांची रवानगी 'लोककला' ह्या सदरात होते. तेथे त्यांचे कौतुक होते, पण त्यांच्यापासून सिद्धान्ताला काही शिकायचे आहे असे कोणी मानत नाही. प्रस्तुत विवेचनात पात्रवर्ग ही संकल्पना लांजा परिसरातील खेळ्यांच्या आधारे, आणि भूगोलाने व परंपरेने अगदी दूर असलेल्या एका खेळाशी त्यांची तुलना करून, पुन्हा तपासली आहे.

लांजा हे रत्नागिरी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव मुंबई–गोवा महामार्गावर, रत्नागिरीचा फाटा आणि राजापूर यांच्या दरम्यान वसलेले आहे. सांस्कृतिक दृष्टीने ही सीमेवरची जागा आहे. उत्तरेला आणि भोवताली, संगमेश्वर-रत्नागिरीच्या टापूत, नमन-खेळ्यांचे राज्य आहे. दक्षिणेला राजापूर ओलांडून कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडीकडे जावे तसा दशावतार सुरू होतो. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हा प्रशासनाची रेघ जवळजवळ ह्या प्रयोगसीमेवरूनच गेली. लांज्याकडचे खेळे मुख्यतः कुणबी समाजाने जतन केले. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरू लागली की खेळेही बाहेर पडतात आणि खळ्यात, अंगणात, सहाणेवर नाचतात. पायघोळ झगे, कमरेला शेले, पायांत चाळ. साथीला मृदंग आणि टाळ. आधी नमन, म्हणजे धरतीला, देवदेवतांना, ग्रामदेवतेला आणि गावच्या मानकऱ्यांना वंदन, मग गणपती, मग संकासुर, मग कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गौळणी, मग सोंगे आणि वग. 'खेळे' हा शब्द खेळणाऱ्यांनाही लावतात आणि जे खेळले जाते त्यालाही. 'नाटक' आणि 'नट' असा भेद ज्या भाषेत नंतर आला, तिच्यात आधीची ही एकरूपता टिकून राहिली आहे.

ह्याच भागातला जाखडीचा शक्ती-तुरा येथे बाजूला ठेवला आहे. त्यात दोन पक्ष असतात, सवाल-जवाब असतो, पण पात्रवर्ग नसतो; गाणारा शेवटपर्यंत गाणाराच राहतो.

खेळ्यांच्या पात्रांकडे वळण्यापूर्वी तालुक्याच्या पूर्व टोकाची एक कथा पाहणे उपयुक्त ठरेल. सह्याद्रीच्या माथ्यावर, विशाळगडाच्या शेजारी, माचाळ नावाचे गाव आहे. पूर्णगडला समुद्राला मिळणारी मुचकुंदी नदी येथेच उगम पावते, आणि मुचकुंदाची गुहा म्हणून दाखवली जाणारी गुहाही येथेच आहे. विष्णुपुराणात आणि भागवताच्या दशम स्कंधात ही कथा येते. देवांच्या बाजूने लढून थकलेला राजा मुचकुंद झोपेचा वर मागून गुहेत निजला आहे. त्याला जो जागे करील तो त्याच्या दृष्टीने भस्म होणार आहे. कालयवनाशी समोरासमोर लढण्याऐवजी कृष्ण पळतो, पळत पळत गुहेत शिरतो आणि अंधारात दडतो. मागून आलेला कालयवन निजलेल्यालाच कृष्ण समजून लाथ मारतो आणि जळून जातो. अशी स्थाने भारतात आणखीही दाखवली जातात. माचाळचा दावा खरा की खोटा हा येथे प्रश्न नाही. ध्यानात घ्यायची ती कथेतील कामाची वाटणी. गुहेत तिघे आहेत. एक राजा, ज्याच्या ठायी संहाराची शक्ती आहे पण जो निजलेला आहे. एक बलाढ्य आक्रमक. आणि एक जण, ज्याने ह्या प्रसंगी शस्त्र उचललेले नाही, पण ज्याला पळण्याची, लपण्याची आणि दुसऱ्याच्या शक्तीचा आपल्या कामासाठी वापर करण्याची मुभा आहे. कथा घडते ती तिसऱ्यामुळे. ह्या तिघांपैकी कोणाचेही 'व्यक्तिचित्रण' झालेले नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांचा अभ्यास करताना हेच सूत्र धरले होते. कथेतील पात्र कोण आहे ह्यापेक्षा ते काय करते हे महत्त्वाचे. एकतीस कार्ये आणि ती वाटून घेणारी सात कार्यक्षेत्रे एवढ्यावर त्यांनी पात्रांची मांडणी केली. परंतु प्रॉप यांचे साहित्य म्हणजे सांगून झालेल्या आणि कागदावर उतरवलेल्या कथा. त्यांत पात्राने काय केले हे ठरून गेलेले असते. खेळ्यांत आणि दशावतारात पात्राने काय करावे ह्याचा बराच भाग अजून ठरायचा असतो. म्हणून येथे 'कार्य' ह्या संज्ञेपेक्षा 'मुभा' हा शब्द अधिक नेमका वाटतो. अमुक वर्गाच्या पात्राला काय करता येईल, आणि तेच इतरांना का करता येणार नाही, असा हा प्रश्न आहे.

नमनातील संकासुर हे ह्या प्रश्नाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. संकासुर म्हणजे शंखासुर, ब्रह्मदेवाचे वेद चोरून समुद्रात दडलेला असुर. मत्स्यावतारात विष्णूने त्याचा वध केला आणि वेद परत आणले. पुराणात त्याची भूमिका एवढीच, आणि ती खलाची. शिमग्यात तो येतो तो मात्र वेगळाच. अंगभर काळा वेश, डोक्यावर उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. मुले त्याला भितात आणि त्याच्याच मागे धावतात. गुहागर-दापोलीच्या बाजूला तो घरोघर जातो, त्याच्या सोबत स्त्रीवेषातला मुलगा नाचतो, आणि काही ठिकाणी लोक त्याला नवसही बोलतात. वेदांच्या चोराला नवस बोलला जावा ही गोष्ट धर्मशास्त्राच्या चौकटीत सहज बसणारी नाही. खेळ्यांच्या प्रेक्षकाला त्यात विसंगती दिसत नाही.

नमनात संकासुराला जे मिळते ते इतरांना मिळत नाही, आणि ते म्हणजे बोलणे. गणपती येतो, नाचतो, आशीर्वाद देतो. कृष्णाचे संवाद बऱ्यापैकी ठरलेले, भाषा शक्य तितकी शुद्ध. संकासुर मात्र बोलीत बोलतो, सूत्रधाराचे शब्द उलटे पकडतो, समोर बसलेल्यांना ओढून घेतो, गावात झालेल्या-न झालेल्याचा हिशेब काढतो. पेंद्या आणि मावशी ह्या मुभेतले धाकटे वाटेकरी आहेत; पण त्यांचे बोलणे गौळणींच्या वाटेवरच्या अडवणुकीपुरते राहते. संकासुराला विषयाची मर्यादा नाही. ज्याने शब्द चोरला त्यालाच मोकळा शब्द मिळाला, असा हा विलक्षण न्याय आहे. त्यातही पुढच्याच प्रवेशात येणारा कृष्ण हा लोणीचोर, गौळणींची वाट अडवून दाण मागणारा. म्हणजे नमनाच्या पूर्वार्धातील दोन्ही लाडकी पात्रे चोर आहेत, एक वधार्ह आणि एक वंद्य, आणि रसिकाचे प्रेम दोघांना सारखेच मिळते.

दक्षिणेकडील दशावतारात हाच संकासुर अधिक नाट्यमय रूपात भेटतो. दशावतार कोकणात आणण्याचे श्रेय परंपरेने राजापूर तालुक्यातील आडिवऱ्याचे श्यामजी नाईक काळे यांना दिले जाते आणि त्यासाठी १७२८ हे वर्ष सांगितले जाते. तथापि दासबोधात दशावतारी खेळाचा आणि त्यातील स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांचा उल्लेख असल्यामुळे ह्या प्रकाराची मराठी मुलखाला असलेली ओळख किमान सतराव्या शतकापर्यंत मागे जाते. आडिवऱ्याच्या परंपरेचा अर्थ एका विशिष्ट घडणीचा आरंभ असाच घ्यावा लागेल. दशावताराचे दोन भाग असतात. पहिला आडदशावतार : गणपती, ऋद्धिसिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर, विष्णू. दुसरा आख्यान, म्हणजे पुराणातील एखादी कथा. आख्यानाला लिखित संवाद नसतात. रात्री कोणते कथानक करायचे ते ठरते, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो, आणि मग ज्याची जी पार्टी त्याने आपापल्या बळावर बोलायचे. राजापार्टी नटाला राजनीती, पुराणे, सुभाषिते मुखोद्गत असावी लागतात. ती त्याची शिदोरी. युद्धनृत्य त्याचे, मानही त्याचा. पण आडदशावतारात, काळ्या मुखवट्याआडून लाल जीभ दाखवत आलेला संकासुर मालवणीत तोंड उघडतो तेव्हा सभेचा सूरच बदलतो.

पात्राच्या वर्गाप्रमाणे त्याची भाषा ठरवणे ही काही खेळ्यांची नवी युक्ती नव्हे. नाट्यशास्त्रात उत्तम, मध्यम आणि अधम अशा तीन प्रकृती सांगितल्या आहेत आणि भाषेचे विधान त्यांना जोडलेले आहे. राजा संस्कृत बोलतो, स्त्रिया आणि विदूषक प्राकृत. नायकाचे चार प्रकार सांगतानाही भरत ते समाजातील स्थानाशी बांधतो : देव धीरोद्धत, राजे धीरललित, सेनापती व अमात्य धीरोदात्त, ब्राह्मण व वणिज धीरप्रशांत. पुढच्या काळात, विशेषतः दहाव्या शतकातील धनंजयाच्या दशरूपकापासून, ह्या संज्ञांकडे स्वभावाची वर्णने म्हणून पाहण्याची सवय जडली. अनेक पाठ्यपुस्तकेही तेच सांगतात आणि विद्यार्थी ते पाठ करतात. पण मुळात ही स्वभावाची यादी नव्हती, कोणाला कोणत्या रीतीने वागण्याचा अधिकार आहे त्याची होती. संकासुराशी ह्या परंपरेतल्या विदूषकाची तुलना नेहमी केली जाते आणि ती अर्धीच खरी आहे. विदूषक राजाचा मित्र असतो. त्याची थट्टा अंतःपुराच्या आतली, राजाच्या परवानगीची. संकासुर हा व्यवस्थेचा शत्रू म्हणून येतो. त्याला परवानगी राजा देत नाही, खेळ देतो.

बाख्तीन यांच्या १९६५ च्या राब्लेविषयक ग्रंथाचा आधार घेऊन हे सारे 'कार्निव्हल' ह्या एका शब्दात गुंडाळण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने फारसे हाती लागत नाही. कार्निव्हलमध्ये मुभा सर्वांना असते. शिमग्यालाही ते वर्णन लागू पडेल. खेळ्यांत मात्र मुभा वाटून दिलेली आहे, एकाला पुष्कळ आणि बाकीच्यांना थोडी, आणि ह्या विषम वाटपातच प्रयोगाची रचना आहे. ही वाटणी स्पष्टपणे दिसावी म्हणून तिच्याच तत्त्वावर उभा असलेला, पण सर्व नियम छापून जाहीर करणारा एक आधुनिक खेळ शेजारी ठेवणे उपयोगाचे ठरते.

१९७४ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा ह्या गावाहून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. छोट्या बाहुल्यांच्या सैन्यांनी मेजावर लढाया खेळण्याच्या छंदातून तो निघाला. फरक एवढाच की खेळाडूकडे पलटण नव्हती, एकच व्यक्ती होती. चार-सहा जण मेजाभोवती बसतात. एक जण पंच होतो, ज्याला पुढे 'डंजन मास्टर' म्हणू लागले. तो भुयाराचे, गुहेचे, राक्षसांचे वर्णन करतो आणि बाकीचे आपले पात्र काय करते, काय बोलते ते सांगतात. निकाल फाशांनी लागतो. संवाद लिहिलेले नसतात, शेवट ठरलेला नसतो. दशावतारी मंडळीला ह्या व्यवस्थेत अपरिचित असे फार थोडे वाटले असते. सूत्रधार, ठरलेले स्थळ, उत्स्फूर्त संवाद आणि प्रत्येकाची पार्टी.

पार्टी हाच येथे 'क्लास'. १९७४ च्या पुस्तिकांत तीन पात्रवर्ग होते : योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. त्यांची व्याख्या स्वभावाने केलेली नाही. योद्ध्याला सर्व शस्त्रे आणि चिलखते मोकळी, पण मंत्र नाहीत. मांत्रिकाला मंत्र आहेत, पण कट्यारीखेरीज शस्त्र नाही आणि चिलखत नाही. पुरोहिताला दैवी सामर्थ्य आहे, मात्र धार असलेले शस्त्र धरण्याची मनाई. योद्धा शूर की भेकड, मांत्रिक दयाळू की कपटी, हे खेळाडूने ठरवायचे. नियम फक्त काय करता येईल आणि काय नाही तेवढे सांगतो. वर्ग म्हणजे विधी आणि निषेध यांची जोडी; व्यक्ती त्यातून नंतर घडते, खेळता खेळता, आणि कधी कधी घडतही नाही.

१९७५ मध्ये 'ग्रेहॉक' ह्या पुरवणीत चौथा वर्ग आला, तो चोर. कुलपे उघडणे, सापळे निकामी करणे, खिसे कापणे, पाऊल न वाजवता चालणे, सावलीत दडणे, भिंती चढणे ही त्याची कामे. प्रत्येकासाठी शेकड्यात किती संधी, त्याचे कोष्टक दिलेले. वरच्या पायरीवर पोहोचलेल्या चोराला मांत्रिकांची लिखिते वाचण्याची मुभाही होती. दुसऱ्याची विद्या हस्तगत करणारा हा वर्ग पाहिल्यावर वेदचोर आठवल्याशिवाय राहत नाही. येथे कोणी कोणाचे अनुकरण केले असे सुचवण्याचे कारण नाही. गायगॅक्स यांच्यासमोर फ्रिट्झ लायबर, जॅक व्हॅन्स यांसारख्या लेखकांच्या अद्भुतकथांतील भामटे होते. साम्य आहे ते गरजेचे. बळ, मंत्र आणि धर्म ही तीन स्थाने भरल्यावरही नियमाच्या फटीतून जाणारे कोणीतरी लागतेच.

आवडत्या वर्गाचा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही. ह्या खेळाच्या अधिकृत संगणकीय साधनावर खेळाडूंनी घडवलेल्या पात्रांची जी मोजदाद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात योद्धा पहिला आणि चोराचा वारसवर्ग दुसरा होता. ह्याचा अर्थ बहुसंख्यांना नायक व्हायचे असते, एवढाच फार तर निघेल. दशावतारातही राजापार्टी होण्याची इच्छा अधिकांना असणे स्वाभाविक आहे. कोण व्हावेसे वाटते आणि कोणाचे बोलणे ऐकावेसे वाटते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समीक्षेने 'लोकप्रिय पात्र' म्हणताना त्यांची नेहमीच गल्लत केली आहे.

चोराच्या आगमनाचा एक परिणाम मात्र येथे फार महत्त्वाचा आहे. १९७५ पूर्वी कोणत्याही वर्गाचा खेळाडू म्हणू शकत होता की तो अंधारात पाय न वाजवता पुढे सरकतो; पंच विचार करून निर्णय देई. चोराची कोष्टके छापली गेली आणि तीच कृती चोराची मक्ता झाली. जे सर्वांना न लिहिता शक्य होते ते एकाला लिहून दिल्यामुळे इतरांकडून काढून घेतले गेले, अशी तक्रार ह्या खेळाच्या जुन्या पद्धतीचे पुरस्कर्ते आजही करतात. शिवाय खुद्द चोराचेही नुकसान झाले. त्याचे चातुर्य आता खेळाडूच्या डोक्यात राहिले नाही, कोष्टकातल्या आकड्यात गेले. मुभा लिहिली गेली की तिचा अधिकार होतो, आणि अधिकाराला हद्द असते.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात हीच प्रक्रिया शंभर वर्षे आधी, आणि पुष्कळ मोठ्या प्रमाणावर घडली. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केले तेव्हा सूत्रधार पदे गाई आणि पात्रे त्यांच्या आशयावर स्वतःच्या शब्दांत भाषणे करीत. गद्य लिहिलेले नव्हते. ह्या नाटकांत प्रेक्षकांचा जीव राक्षसपार्टीवर. रंगवलेला भयानक चेहरा, आरडाओरडा, तलवारींचे खणखणाट. पुढच्या सुशिक्षित पिढीने ह्या आरोळ्यांवरूनच त्या साऱ्या परंपरेला 'अलल्लडुर्र' नाटके असे हिणवले. १८६१ मध्ये वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले आणि पूर्ण लिहिलेल्या, पुस्तकावरून पाठ करावयाच्या 'बुकिश' नाटकाची वाट सुरू झाली. राक्षसपार्टीच्या ऱ्हासाचे श्रेय सामान्यतः अभिरुचीच्या सुधारणेला दिले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण कारण नव्हे. ज्या पार्टीचे सर्वस्व रंगमंचावर ऐन वेळी सुचणाऱ्या शब्दांत आणि आवाजांत आहे, तिला पुस्तकात जागाच नव्हती. राजा पुस्तकात जाऊ शकला. स्त्रीपार्टीही गेली, आणि तिला पुढे फार मोठे दिवस आले. राक्षस दाराशी राहिला.

विष्णुदासांच्या नाटकाच्या आरंभीच आणखी एक गोष्ट घडली होती. गणपती आणि सरस्वती येत. सूत्रधाराशी थट्टामस्करी करायला विदूषकही येई. आडदशावतारात जी जागा वेदांच्या शत्रूची होती ती येथे राजाच्या मित्राकडे गेली. पदरी आश्रय देणाऱ्या संस्थानिकासमोर होणाऱ्या खेळात हे समजण्यासारखे आहे.

खेळ्यांवर लिखिताचा दाब आला तो उशिरा, आणि मुंबईच्या वाटेने. गिरणगावात आलेला लांजा-संगमेश्वरचा चाकरमानी शिमग्याला गावी जाई, आणि ज्यांना जाता येत नसे त्यांच्यासाठी गावाच्या नावाची मंडळे मुंबईतच उभी राहिली. परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी नमनाचे आणि जाखडीचे प्रयोग तिकीट लावून होऊ लागले. पडदे आले, प्रकाशयोजना आली, 'बहुरंगी नमन' हे नाव रूढ झाले. ह्यात वाईट वाटून घेण्यासारखे फारसे नाही. अंगणातून नाट्यगृहात जाणाऱ्या कोणत्याही प्रकाराचे असेच होते. पण तिकिटाबरोबर १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखालचे नियमही आले. सार्वजनिक प्रयोगाची संहिता आधी परीनिरीक्षणासाठी सादर करायची, संमत झाल्यावर तीच बोलायची, असा त्यांचा आशय. कृष्णाचे संवाद अशा रीतीने सादर करता येतात. गौळण लिहून देता येते. संकासुर आज रात्री समोर बसलेल्या कोणाकडे पाहून काय बोलणार हे कोणत्या पानावर लिहायचे? एक तर त्याचे बोलणे आधी लिहून गोठवावे लागते, नाही तर ते संमत संहितेबाहेर, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने चोरीचे ठरते. गावच्या पालखीपुढे खेळ्यांनी काय बोलावे हे मानकरी आणि प्रेक्षक मिळून जागच्या जागी ठरवीत. एखादे बोलणे झोंबले तर त्याचा निवाडाही तेथेच होई. हा अंकुश नियमावलीच्या अंकुशापेक्षा नेहमी सौम्यच होता असे मात्र नाही. भावकीच्या आणि जातीच्या दडपणाखाली कितीतरी गोष्टी संकासुरालाही बोलता येत नसणार. भेद आहे तो वेळेचा. तेथे बोलल्यानंतर जाब द्यावा लागे, येथे बोलण्यापूर्वी.

१९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'चा उल्लेख येथे टाळता येत नाही. विजय तेंडुलकरांच्या ह्या नाटकावरचे खेळे आणि दशावतार यांचे ऋण सर्वमान्य आहे. आरंभीचे गणपती-सरस्वतीचे नर्तन, सूत्रधार, डुलत उभी राहणारी आणि क्षणात भिंत, क्षणात गर्दी होणारी ब्राह्मणांची रांग, हे सारे कोकणच्या अंगणातून आले आणि मराठी नाटकाच्या इतिहासात एक नवी शक्यता निर्माण झाली. तेवढ्याने ते नाटक मोठे आहेच. पण ज्या क्रमाने हे घटक घेतले गेले त्या क्रमात पुढचा प्रवेश संकासुराचा असतो, आणि तो तेथे नाही. सूत्रधाराच्या वाट्याला उपरोध आला आहे, तोही धारदार, परंतु त्याचे प्रत्येक वाक्य नाटककाराने लिहिलेले आहे. नमनाची रांग उचलता आली, नमनातील मुभा उचलता आली नाही. तेंडुलकरांच्या हातून राहून गेलेले हे काम नव्हे. एका लेखकाच्या संहितेत ते शक्यच नव्हते. समीक्षेने मात्र हे नाटक म्हणजे लोकनाट्याचे पुनरुज्जीवन असे म्हणताना काय आले ते मोजले, काय आले नाही त्याची नोंद केली नाही.

हा मुद्दा आज अधिक निकडीचा झाला आहे, कारण नमन-खेळे जतन करण्याच्या प्रयत्नांना आता विद्यापीठीय स्वरूप येत आहे. पदे उतरवून घेणे, गौळणींचे पाठभेद जमवणे, प्रयोगांचे चित्रीकरण करणे ही कामे आवश्यकच आहेत. त्यांच्याबरोबर संकासुराचे संवादही उतरवले जातात आणि ते उतरवले गेले की त्यांची 'संहिता' होते. मग पुढच्या स्पर्धेतला संकासुर तेच संवाद पाठ करून बोलतो. ग्रेहॉकच्या चोराचे जे झाले तेच त्याचे होते. येथे अभ्यासकाला वेगळ्या प्रकारची नोंद करावी लागेल. संकासुर काय बोलला ह्याबरोबर तो कोणाला उद्देशून बोलला, कोणत्या शब्दावर सूत्रधाराला थांबवले, कोण उठून गेला, कोणी उलट उत्तर दिले, आणि कोणता विषय समोर असूनही त्याने टाळला, हे टिपावे लागेल. ही संवादांची नोंद होणार नाही. पात्रवर्गाच्या मुभेची, आणि त्या गावात त्या वर्षी तिची हद्द कोठे होती त्याची, होईल. 'ठोकळेबाज' पात्र म्हणून ज्याच्याकडे पाठ फिरवली त्याच्याविषयी एवढी माहिती हाती असेल तर व्यक्तिरेखेच्या मानसशास्त्राइतकीच गुंतागुंतीची सामग्री समीक्षेपुढे येईल.

दशावताराच्या मंडळ्या हल्ली पुष्कळदा आडदशावतार आटोपशीर करतात. आख्यान लवकर सुरू व्हावे, युद्धे आणि चमत्कार पाहायला मिळावेत अशी प्रेक्षकांची घाई असते. तो पूर्ण झाला तरी त्याचा शेवट ठरलेलाच असतो. विष्णू येतो, संकासुराशी लढतो, त्याला मारतो आणि वेद परत घेतो. काळा वेश आत जातो, बाजाच्या पेटीवर नवा सूर धरला जातो, आणि राजापार्टी दरबार भरवायला बाहेर येते.